कोऱ्या वहीची पूजा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सांगलीच्या गणपती पेठेतून हिंडण्याचा माझा जुना परिपाठ आहे. हळदीचा वास त्या पेठेच्या भिंतींतच मुरलेला असतो. त्यात त्या दिवशी झेंडूचा, धुपाचा आणि तिळाच्या तेलाचा वास मिसळतो. ओळखीच्या पाचसहा दुकानांतून बोलावणे असते. पाटावर लक्ष्मीची तसबीर, शेजारी चांदीचा रुपया, आणि समोर लाल कापडी पुठ्ठ्याची, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली लांबट वही. मालक पहिल्या पानावर कुंकवाने ‘श्री’ काढतात, वहीला हळदकुंकू वाहतात, आरती होते, फराळाचे ताट हाती येते. पाडव्याच्या सकाळी ती वही कपाटात जाते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तिच्यात एक अक्षरही लिहिले जात नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पण मी साठ वर्षे व्यापाऱ्यांना आयकराचा सल्ला देत आलो आहे, आणि पूजेतली ती वही कोरी नव्हती ते दिवस मला आठवतात. ती कोरी कशी झाली याची हकीकत बरीच मागून सुरू होते.

आधी वहीविषयी सांगितले पाहिजे. जुन्या वहीच्या पानाला छापील रेघा नसत. पान उभे दुमडून घड्या पाडायच्या आणि त्या घड्यांचेच रकाने व्हायचे. डाव्या अंगाला जमा, उजव्या अंगाला नावे. रोज संध्याकाळी रोजमेळ मिळाल्याशिवाय दिवाणजी घरी जात नसे. दोन आण्यांचा फरक निघाला तर रात्री नऊपर्यंत कंदील जळे. रोजमेळावरून खतावणी, खतावणीवरून दिवाळीला ताळेबंद. नव्या वहीतली पहिली रक्कम सव्वा रुपया, तीही गणपतीच्या नावे जमा. त्याखाली धर्मादायाचे खाते. गिऱ्हाइकाकडून मालाच्या किमतीवर धर्मादाय म्हणून जे किरकोळ पैसे घेतले जात, ते आमच्या व्यापाऱ्याने आपले कधी मानले नाहीत. पुढे आयकर खात्याने ते पैसे व्यापाऱ्याचे उत्पन्न धरायचे का, असा वाद घातला. १९७९ साली बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे असा निकाल दिला. तो निकाल मी ज्या दिवशी पेठेत वाचून दाखवला त्या दिवशी एका म्हाताऱ्या आडत्याने मला विचारले, “हे ठरवायला एवढे मोठे कोर्ट कशाला लागले?”

वही ही गुप्त गोष्ट होती. तिच्यात नफा असे म्हणून नव्हे, तर पत असे म्हणून. कोणाची हुंडी कोणाकडे अडकली, कोणाला किती उधारी, हे चारचौघांत फुटले की धनी बसलाच. म्हणून वही घरच्या बायकांनाही दाखवत नसत. मग सरकारला कोण दाखवणार?

पेशवाईत व्यापाऱ्यांवर आणि कारागिरांवर मोहतर्फा नावाचा कर असे. तो दुकान पाहून, पेठ पाहून, माणसाचा अंदाज घेऊन बसत असे. वही उघडण्याचे कारण पडत नसे. इंग्रजांनी तो काही वर्षे चालवला आणि १८४४ साली मुंबई इलाख्यातून मोहतर्फा, बलुत्यावरचे कर आणि शहरजकाती एका कायद्याने काढून टाकल्या. व्यापारी खूश झाले खरे, पण ती भर काढण्यासाठी त्याच साली मिठाची जकात मणाला आठ आण्यांवरून एक रुपयावर नेली. सुरतेत त्यावरून दंगा झाला. व्यापाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे गरिबाच्या भाकरीवर आले, असे मला तरी वाटते. पेठेत माझे हे मत फारसे कोणाला आवडत नाही.

मग १८५७ साल आले. बंड मोडले, पण तिजोरी रिकामी झाली आणि कर्ज वाढले. ते निस्तरण्यासाठी विलायतेहून जेम्स विल्सन नावाचा गृहस्थ कलकत्त्यास आला. तरुणपणी टोप्या बनवण्याच्या धंद्यात दिवस काढलेला, मग ‘इकॉनॉमिस्ट’ हे पत्र काढणारा असा हा स्कॉटिश माणूस. १८६० च्या फेब्रुवारीत त्याने हिंदुस्थानचा पहिला अर्थसंकल्प मांडला आणि त्यात आयकर आणला. वर्षाला दोनशे रुपयांपर्यंत माफी, पाचशेपर्यंत शेकडा दोन आणि त्यावर शेकडा चार. राजाने प्रजेकडून कर घ्यावा याला त्याने मनूचा दाखला दिला! २४ जुलै १८६० रोजी कायदा मंजूर झाला आणि ११ ऑगस्टला हा गृहस्थ हगवणीने कलकत्त्यातच वारला. त्याची विसरलेली कबर २००७ साली शोधून काढली ती एका आयकर अधिकाऱ्यानेच.

मद्रासचा गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन याने या कराला उघड विरोध केला आणि आपले टिपण वर्तमानपत्रांत छापू दिले. त्यापायी त्याला परत बोलावण्यात आले. पण गंमत अशी की, हाच ट्रेव्हेल्यन १८६३ साली अर्थमंत्री होऊन परत आला आणि त्याच्याच कारकीर्दीत, १८६५ साली, तो कर बंद पडला. त्यानंतर कधी लायसन टॅक्स, कधी सर्टिफिकेट टॅक्स, कधी पुन्हा आयकर, असे निरनिराळे कपडे घालून तोच पाहुणा दारात उभा राहू लागला. सुरतेच्या व्यापाऱ्यांनी १८६० साली विरोधाचा जमाव केला होता. १८७८ साली त्यांनी दुकाने बंद ठेवली आणि दंगा झाला. शेवटी १८८६ च्या कायद्याने हा पाहुणा कायमचा घरात आला. पाचशे रुपयांच्या आत माफी, दोन हजारांपर्यंत रुपयाला चार पै आणि त्यावर पाच पै. रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै होत, म्हणजे शेकडा अडीच रुपयांच्या आसपास. शेतीच्या उत्पन्नाला त्यातून वगळले, आणि तेव्हापासून ‘हे उत्पन्न शेतीचे आहे’ हे वाक्य आमच्या धंद्यात पुष्कळ ऐकू येऊ लागले.

पाचशे रुपयांची ती मर्यादा फार खाली होती. सामान्य कारकून आणि छोटा वाणीही तीत सापडे. १९०२ साली कलकत्त्याच्या कौन्सिलात गोपाळ कृष्ण गोखले अर्थसंकल्पावर बोलावयास उठले तेव्हा त्यांनी मिठाचा कर कमी करा आणि आयकराची माफी हजारांवर न्या, अशी मागणी केली. गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक तेव्हा शाळांतून चाले. सरकारच्या शिलकीचा हिशेब त्यांनी सरकारलाच असा मांडून दाखवला की पुढच्याच वर्षी, १९०३ साली, दोन्ही गोष्टी झाल्या. आमच्या धंद्यातला पहिला मोठा सल्लागार कोण, असे मला कोणी विचारले तर मी गोखल्यांचे नाव घेईन. फरक एवढाच की त्यांचे अशील साऱ्या देशभर पसरलेले होते आणि त्यांना कोणी फी दिली नाही.

आता वर्षाकडे येतो. सरकारचे वर्ष १८६६ पर्यंत मेपासून सुरू होई. १८६७ पासून ते एप्रिलपासून धरू लागले. व्यापाऱ्याचे वर्ष मात्र कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून, म्हणजे दिवाळीच्या पाडव्यापासून. १९२२ च्या आयकर कायद्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. कर लागेल तो मागल्या वर्षाच्या उत्पन्नावर. आणि ते मागले वर्ष म्हणजे एप्रिल ते मार्चच असले पाहिजे असे नाही, ज्याची वही दिवाळीला बंद होते त्याचे दिवाळी ते दिवाळी चालेल. १९६१ च्या कायद्यातही ही मुभा राहिली. इंग्रजाला आपली दिवाळी आवडली म्हणून हे झाले नाही. मार्चअखेरीस साऱ्या देशातल्या वह्या फिरवून घ्यायच्या म्हटल्या तर खात्याचेच काम अडले असते.

सांगली तेव्हा पटवर्धनांचे संस्थान. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई इलाख्यात विलीन झाले आणि १ एप्रिल १९४९ पासून हिंदुस्थानचा आयकर कायदा विलीन संस्थानांना लागू झाला. माझे वडील तेव्हा हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. वह्या मोडीत होत्या, आणि आलेल्या अधिकाऱ्याला मोडी येत नव्हती. मालकाने वडिलांना सांगितले, “तुम्हीच वह्या घेऊन जा आणि साहेबांना वाचून दाखवा.” पगारी नोकराने धन्याच्या वतीने अधिकाऱ्यापुढे उभे राहायला कायद्याची हरकत नव्हती. पाहता पाहता शेजारच्या पेढ्याही वडिलांना बोलावू लागल्या. ते वकील नव्हते, मीही नाही; मी नुसता बी.कॉम. झालो आणि १९६६ साली त्यांच्या हाताखाली बसलो. तरी पेठेत आम्हां दोघांनाही ‘वकीलसाहेब’ म्हणत.

वडिलांची पहिली परीक्षा झाली ती पेवांवरून. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत पेवे आहेत. तोंड अरुंद, पोट मोठे. त्यात हळद भरायची आणि तोंड पेंढा व मातीने बुजवून टाकायचे. आत हवा नाही की कीड नाही. वर्षानुवर्षे माल तसाच राहतो. व्यवहार होतो तो नुसत्या कागदावर; पेव जागच्या जागी राहते आणि मालक बदलत जातो. अधिकारी म्हणाले, “दिवाळीला शिल्लक माल मोजून दाखवा.” वडील म्हणाले, “साहेब, पेव एकदा फोडले की उपसावे लागते. मोजायचे म्हणजे विकायचे.” मग भरतानाच्या पोत्यांचे वजन, पेवाची चिठ्ठी आणि दिवाळीचा बाजारभाव यांवरून हिशेब ठरला, खरेदी आणि बाजार यांत जो भाव कमी तो धरायचा. वडील गमतीने म्हणत, “लोक म्हणतात पेव फुटले, मी ते न फोडता साहेबांना दाखवले.” २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे पाण्याखाली गेली.

दुसरी परीक्षा अधिक महिन्याची. अधिक मास आला की दिवाळी ते दिवाळी वर्ष तेरा महिन्यांचे. “यंदा तुमचा खर्च एवढा वाढला कसा?” या प्रश्नाला “साहेब, यंदा दिवाणजीला तेरा पगार दिले” हे उत्तर वडिलांनी कितीदा दिले असेल, सांगता येत नाही. नवा अधिकारी आला की पंचांग घेऊन जावे लागे.

हे सगळे चालले होते ते विश्वासावर. व्यापारी वही कोणापुढे उघडतो, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. डॉक्टर आंबेडकर १९१७ साली परदेशाहून अर्थशास्त्र शिकून परत आले आणि त्यांनी मुंबईत शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचे काम सुरू केले होते. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि ते काम बंद पडले. पुढे ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि काही वर्षांनी बाटलीबॉयांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवू लागले. पैशाच्या प्रश्नावर ज्याने एवढा मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्यापुढे वही उघडायला ते व्यापारी लाजले! आमच्या वडिलांपुढे वह्या उघडल्या गेल्या त्या त्यांच्या ज्ञानामुळे, असे मी लहानपणी समजत होतो. ज्ञानाखेरीज आणखीही काही आम्हांला जन्मतःच मिळाले होते, हे कळायला मला बराच काळ लागला.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती माझ्या स्वतःच्या चुकीची आहे.

स्वातंत्र्यानंतर कराचे दर चढत गेले. १९५७ साली संपत्तिकर आणि खर्चावरचा कर आला, १९५८ साली देणगीवरचा. १९७० सालानंतर तर दरांनी कळस गाठला. १९७१ साली अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. आमच्याच बाजूचे, देवराष्ट्र्याचे. त्यांच्या अर्थसंकल्पाने दोन लाखांवरच्या उत्पन्नाचा दर अधिभारासह शेकडा ९७.७५ झाला. शंभरातले सव्वादोन रुपये घरी न्यायचे. संपत्तिकर वर धरला तर काही जणांचा कर उत्पन्नाहून जास्त होई. आमच्या पेठेत दोन लाख मिळवणारे किती? बोटांवर मोजण्याइतके. पण भीतीला स्लॅब नसतात. पाचसात हजार मिळवणारा किराणा दुकानदारही सत्त्याण्णवचा आकडा तोंडपाठ म्हणू लागला, आणि हातचे थोडे बाजूला ठेवू लागला.

१९७२ ची दिवाळी. दुष्काळाचे वर्ष. आमचे एक जुने अशील होते, हळदीचे आडते. त्यांना सारी पेठ अण्णा म्हणे. त्यांच्या पूजेला मी गेलो. समोरच्या खोलीत पाटावर नेहमीची वही होती. हात धुवायला म्हणून मी आत गेलो, तर देवघरापुढे दुसरा पाट मांडलेला, आणि त्यावर दुसरी वही, तिलाही हळदकुंकू. अण्णांच्या पत्नी तिथे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले. कोणी बोलले नाही. मी बाहेर येऊन करंजी खाल्ली, चहा घेतला आणि घरी आलो.

रात्री वडिलांना सांगितले. ते अंथरुणाला खिळलेले होते. म्हणाले, “पाहिलेस ना? मग उद्या पाडव्याला जा आणि अण्णांना सांग की मी पाहिले. एवढेच सांग. पुढचे ते बघतील.”

मी गेलो नाही. अठ्ठावीस वर्षांचा होतो. अण्णांची फी हा आमच्या घरच्या मिळकतीचा मोठा भाग होता. शिवाय मनाला समजावयाला कारणे पुष्कळ होती: शंभरातले सव्वादोन ठेवणाऱ्या सरकारला काय म्हणून सांगायचे, मला दाखवलेली वही तर बरोबर आहे, दुसरी मी उघडून कुठे पाहिली? त्या वर्षीच्या विवरणपत्रावर अण्णांनी सही केली आणि मी ते दाखल केले. पुढच्या वर्षी केले. त्याच्या पुढच्या वर्षीही केले. वडील १९७४ साली गेले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि मीही नाही. त्याच साली चव्हाणांनी, वांच्छू समितीच्या सल्ल्याला धरून, वरचा दर शेकडा ७७ वर आणला. माझ्या सबबींतली एक कमी झाली, तरी मी गप्पच.

ऑक्टोबर १९७५ मध्ये, आणीबाणीच्या दिवसांत, वटहुकूम निघाला. दडवलेले उत्पन्न डिसेंबरअखेरपर्यंत आपण होऊन जाहीर करा, त्यावर ठरलेल्या दराने कर भरा, खटला होणार नाही. छाप्यांच्या बातम्या रोज येत. भाऊबीज झाल्यावर एका रात्री अण्णा माझ्या घरी आले. पिशवीत तीन वह्या. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, त्या दिवाळीला तुम्ही आत आला होता. तुम्ही पाहिलेत. हिने मला त्याच रात्री सांगितले. दुसऱ्या दिवशी तुम्ही याल म्हणून मी दुकानात बसून राहिलो. तुम्ही आला असता, तर मी ती वही तिथेच बंद करणार होतो. तुम्ही का नाही आलात?”

मला उत्तर देता आले नाही. आजही मी त्या प्रश्नाचे उत्तर तयार करतो आणि मोडतो.

त्या रात्री आम्ही तिन्ही वह्या उघडल्या. मोडी अक्षर अण्णांचे स्वतःचे. दिवाणजीला कळू नये म्हणून त्यांनी स्वतः लिहिलेल्या. पहिले पान काढले आणि मी थांबलो. वर ‘श्री’, आणि खाली पहिली रक्कम: सव्वा रुपया, गणपतीच्या नावे जमा. चोरीच्या वहीतही देवाचे खाते पहिले. आणि हिशेब तर असा चोख, की खऱ्या वहीत कधी तरी चारदोन पैशांचा फरक सापडे, हिच्यात तोही नाही. तिन्ही वर्षांचे मिळून तीन रुपये पंचाहत्तर पैसे गणपतीचे निघाले. अण्णा म्हणाले, “हे आपले उत्पन्न नव्हे.” मी म्हटले, “अण्णा, यंदा वाद नको.” आणि ते पावणेचार रुपयेही आम्ही जाहीर करून टाकले. डिसेंबरात कर भरला. त्यासाठी अण्णांनी हरिपूरची दोन पेवे विकली.

तेव्हापासून मी एक नियम पाळला. दिसले ते त्याच आठवड्यात मालकासमोर बोलायचे. दुसऱ्यासमोर नाही, आणि त्याला कमीपणा येईल असे नाही. काही अशील गेले. राहिले त्यांच्याशी रात्री झोप यावी असा संबंध राहिला.

पुढचा काळ भराभर गेला. १९८४ साली कायदा आला की दहा हजारांच्या वर रोख कर्ज घ्यायचे नाही. ऐकायला साधी गोष्ट. पण आमच्या पेठेचा कणा म्हणजे हातउसने. सकाळी सौद्याला पैसे कमी पडले तर शेजारच्या गादीवरून पंधरा हजार आणायचे, संध्याकाळी परत, व्याज नाही, चिठ्ठी नाही. ती चाल मोडावी म्हणून मी दुकानोदुकान फिरलो. काळ्या पैशाला हातउशाचे नाव देणारे लोक होते, म्हणून कायदा करावा लागला, हे खरे. पण त्यांच्यापायी एक चांगली रीत गेली याचे मला वाईट वाटते. त्याच सुमारास चाळीस लाखांवर उलाढाल असणाऱ्यांना हिशेबतपासणी सक्तीची झाली.

आणि मग वर्षच गेले. १९८७ च्या प्रत्यक्ष कर दुरुस्ती कायद्याने ठरवले की यापुढे करासाठी सर्वांचे वर्ष एकच, एप्रिल ते मार्च. पेठेत संतापाची लाट आली. अण्णा तेव्हा सत्तरीला टेकले होते. मला म्हणाले, “आमची दिवाळी त्यांना कुठे खुपली?”

मी सरकारच्या बाजूने बोललो, आणि अजूनही त्या बाबतीत सरकारचीच बाजू घेईन. मुभेचा गैरफायदा झालाच होता. दिवाळीला वही मिटणारा आणि मार्चला मिटणारा, दोघांची आकारणी एकाच वर्षी होई. म्हणजे दिवाळीवाल्याला पाच महिने जास्त पैसे वापरायला मिळत. ते एक वेळ ठीक. पण एकाच घरात दुकानाचे वर्ष दिवाळीला, तेलघाण्याचे रामनवमीला, भागीदारीचे जूनअखेर, आणि नफा जिकडे सोयीचा तिकडे सरकवायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. असे सरकवून देणारे सल्लागार हुशार म्हणून नावाजले जात. हे सगळे मी अण्णांना सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, “तुमचे बरोबर असेल. पण मार्चअखेर काय असते हो? ना सण, ना सुगी संपलेली. हळद तर बाजारात येत असते.” यावर माझ्याजवळ काही उत्तर नव्हते, कारण ते खरेच आहे.

बदलाचे ते वर्ष आमच्या धंद्यात कोणी विसरणार नाही. १९८७ च्या दिवाळीला वही उघडली ती १९८९ च्या मार्चअखेरीस मिटायची. सतरा महिन्यांचे वर्ष! त्यात १९८८ चा अधिक ज्येष्ठही आला. घसारा किती महिन्यांचा, सवलतींच्या मर्यादा किती पटीने वाढवायच्या, दर कोणता, यासाठी कायद्याला एक वेगळे परिशिष्ट जोडावे लागले. १९८८ च्या लक्ष्मीपूजनाला अण्णांच्या दुकानात पाटावर नवी वही होती, पण जुनी मिटलेली नव्हती. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. अण्णांनी माझ्याकडे पाहून हळूच म्हटले, “वकीलसाहेब, पुन्हा दोन वह्या आहेत. यंदा पाहून ठेवा.” आम्ही दोघेही हसलो. दुकानातल्या बाकीच्यांना काही कळले नाही.

३१ मार्च १९८९ च्या रात्री अण्णांनी स्वतः ती जुनी वही मिटली. शेवटच्या बेरजेखाली तिथी घालायची की तारीख, यावर थोडा वेळ अडले; मग दोन्ही घातल्या. दुसऱ्या दिवशीपासून हिशेब छापील रकान्यांच्या खातेवहीत, तारखेवारी आणि देवनागरीत. दिवाळीत पूजा झालेली वही कपाटात कोरी राहिली. अण्णा पुढे सहा वर्षे होते. दर पाडव्याला ते त्या कोऱ्या वहीत गणपतीचा सव्वा रुपया तेवढा लिहीत. त्यांच्या मुलाने तेही सोडले.

आता खातेवहीही गेली. २०१७ साली जीएसटी आला, बिले संगणकावर, विवरणपत्रे संगणकावर. २०२५ साली नवा आयकर कायदा मंजूर झाला, १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्याने ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ ही जोडी मोडून एकच ‘कर वर्ष’ ठेवले आहे. आयुष्यभर ज्या जोडीचा अर्थ मी लोकांना समजावून सांगितला, ती गेली याचे मला दुःख नाही. तो अर्थ फारसा कोणाला समजलाही नव्हता.

गेल्या दिवाळीला अण्णांच्या नातवाने बोलावले. पाटावर लाल वही होती आणि तिच्या शेजारी लॅपटॉप, त्याच्या झाकणावर हळदकुंकवाची बोटे. पूजा झाल्यावर तो माळ्यावरचे एक बासन घेऊन आला. “काका, आवराआवरीत हे सापडले. आजोबांच्या वह्या. कोणाला वाचता येत नाहीत. काय आहे यात?”

मी गाठ सोडली. तीन वह्या होत्या. पहिले पान मी त्याला वाचून दाखवले: श्री, आणि खाली गणपतीच्या नावे सव्वा रुपया जमा. “एवढेच?” तो म्हणाला. मी म्हटले, “बस. पुढचे सांगायला वेळ लागेल.” मग तो बसला आणि मी त्याला ही सारी हकीकत सांगितली, माझ्या चुकीसकट. त्याच्या आईने मधे दोनदा चहा आणला.

उठताना त्याने लाल वही उघडली, पेन शोधले आणि कुंकवाच्या ‘श्री’खाली काही तरी लिहिले. माझा चष्मा पिशवीत होता, त्यामुळे मला ते दिसले नाही. मग त्याने लॅपटॉप उघडला आणि विचारले, “काका, पंधरा डिसेंबरचा आगाऊ कराचा हप्ता किती धरू?”

मी म्हटले, “आधी या सहा महिन्यांचा नफा किती झाला ते सांग. सगळा.”